किल्ली कोणाकडे असते?

यादीतलं पहिलं घर बंद होतं. दुसरंही बंद. तिसऱ्या घराच्या ओट्यावर एक बाबा ऊन खात बसले होते. मी घरमालकाचं नाव विचारलं, तर त्यांनी हातातली काठी समोरच्या अख्ख्या आळीवरून फिरवली आणि म्हणाले, "समदे गेले कारखान्याला. पाडव्याला या आता."

डिसेंबर २०२४ चा दुसरा आठवडा. गाव बीड जिल्ह्यातलं, धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं, ऊसतोडीला जाणाऱ्यांचं. त्याचं नाव लिहीत नाही, कारण तसा शब्द दिला आहे. माझ्या पिशवीत कोऱ्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा, एक वही, रेकॉर्डर आणि साठ घरांची यादी होती. ही यादी मी पुण्यात वसतिगृहाच्या खोलीत बसून केली होती. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होऊन गेलं होतं, त्यामुळे मतदार यादी ताजी मिळाली. तिच्यातून घरं वेगळी काढली, त्यांना क्रमांक दिले, यादृच्छिक अंकांच्या तक्त्यावरून सुरुवातीचं घर ठरवलं आणि तिथून दर चौथं घर घेत गेले. नमुना निवडीच्या तासाला जे शिकवलं होतं त्यातली एकही पायरी गाळली नव्हती. त्या पहिल्या दिवशी मी अकरा दारांपर्यंत गेले. सात दारांना कुलूप होतं.

एम.ए. समाजशास्त्राच्या दोन वर्षांत मी संशोधन करायला कशी शिकले असं कोणी विचारलं, तर मी या सात कुलपांपासून सांगायला सुरुवात करते.

आमची बॅच २०२३ ते २०२५ ची. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पहिल्याच सत्रात 'संशोधन पद्धती' हा चार क्रेडिटचा पेपर सक्तीचा झाला होता, दुसऱ्या सत्रात क्षेत्रप्रकल्प, आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प. बी.ए.ला हाच विषय मी व्याख्या पाठ करून सोडवला होता. गृहीतक म्हणजे काय, मुलाखतीचे गुण-दोष लिहा, टीपा द्या. त्या पेपरात मला चांगले गुण होते आणि एकाही अनोळखी माणसाला मी एकही प्रश्न विचारला नव्हता.

एम.ए.ला मॅडमनी पहिल्याच आठवड्यात आम्हाला वर्गाबाहेर काढलं. पीएमपी बसच्या कुठल्याही थांब्यावर एक तास उभं राहा आणि दिसेल ते लिहून आणा, एवढंच सांगितलं. मी अडीच पानं लिहून नेली. पहिलंच वाक्य होतं, 'लोक घाईत होते.' मॅडमनी त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि विचारलं, "घाई तुला दिसली? काय दिसलं ते सांग." मी आठवत गेले. एक माणूस दर थोड्या वेळानं फोनमध्ये वेळ बघत होता. एक बाई बस यायच्या आधीच पदर खोचून, पिशवी काखेत धरून रस्त्यावर उतरली होती. मॅडम म्हणाल्या, "हे लिही. घाई होती की नाही ते आपण नंतर ठरवू." माझं पान परत आलं तेव्हा त्यावर तशा एकोणीस रेघा होत्या. मी ते पान अजून जपून ठेवलं आहे.

दुसऱ्या वर्षी विषय निवडायची वेळ आली तेव्हा मला फार शोधावं लागलं नाही. मी कराड तालुक्यातली. आमचा दोन एकर ऊस आहे. दिवाळी झाली की बीडकडची टोळी शिवारात उतरायची, हे लहानपणापासून पाहिलेलं. आमच्या घरात ऊसतोड मजूर हा विषय निघायचा तो बहुतेक 'खुशाली'वरून. तोड लवकर हवी तर टोळीला, वाहनाच्या ड्रायव्हरला वरचे पैसे द्यावे लागतात, त्याला खुशाली म्हणतात. वडील त्यावर चिडायचे, आणि त्यांचं चिडणं खोटं नव्हतं, कारण ऊस वाळत चाललेला असायचा. पण माझ्या मनात राहिली होती ती बांधावर बसलेली माझ्याच वयाची एक मुलगी. मांडीवर लहान भाऊ, आणि माझ्या दप्तराकडे लागलेली तिची नजर. ती तिच्या गावी राहिली असती तर शाळेत गेली असती का? विषय तिथून आला: ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत गावी मागे राहणारी मुलं आणि म्हातारी माणसं.

मॅडमनी विषय मान्य केला, पण एक काम आधी करायला लावलं. "तू उसाच्या मालकाच्या घरातली आहेस. त्याचं दोन पानी टिपण लिही. तुला काय दिसेल आणि काय दिसणार नाही." ते टिपण लिहायला मला प्रश्नावलीपेक्षा जास्त दिवस लागले.

प्रश्नावलीची चाचणी सप्टेंबरमध्ये घेतली. तेव्हा गाव भरलेलं होतं. सहा घरं केली आणि तीन ठिकाणी माझी प्रश्नावली अक्षरशः मोडली.

पहिला अडसर संमतीपत्राचा. संशोधनाची नीतिमत्ता म्हणून आम्हाला शिकवलेलं, की माहिती देणाऱ्याला हेतू समजावून सांगायचा आणि खाली सही किंवा अंगठा घ्यायचा. पहिल्याच घरी मी कागद पुढे केला आणि समोरची बाई हात पदरात घेऊन मागं सरकली. तिचा नवरा म्हणाला, "मॅडम, बोलतो की. बोलायला काय पैसे पडतेत? पण अंगठा नको." मी आग्रह केला नाही, पण कारण विचारलं. हंगामाच्या आधी मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतात तेव्हा बाँडवर अंगठा होतो. हंगामात उचल फिटली नाही तर तोच कागद पुढच्या वर्षी पुढे येतो. त्या घरात अंगठा म्हणजे डोक्यावर कर्ज. त्यांच्या हक्काचं रक्षण व्हावं म्हणून आणलेला माझा कागद त्यांना उचलीच्या कागदासारखा दिसत होता. मॅडमना फोन केला. आम्ही संमतीपत्र बदललं. कागद मी वाचून दाखवायचा, मधेच थांबायचा हक्क आहे हे दोनदा सांगायचं, आणि 'हो, बोलते' एवढं त्यांनी रेकॉर्डरवर म्हणायचं. सही फक्त माझी.

दुसरा, उत्पन्नाचा प्रश्न. 'कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न किती?' असं विचारून खाली पाच गट दिले होते. पण तिथे वर्षाचं उत्पन्न अशी गोष्टच नव्हती. उचल होती, ती जूनपासून हप्त्याहप्त्यानं येते आणि दवाखाना, लग्न, बी-बियाणं यात जाते. मग सहा महिने टनावर काम करून ती फेडायची. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, हे त्यांना माझ्यापेक्षा नीट ठाऊक होतं. पण 'वर्षाला किती मिळतात' याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. पैसे हातात येतात तेव्हा ते मिळकत नसतात, आणि मिळकत होते तेव्हा हातात काही येत नाही. मी तो एक प्रश्न काढून सात प्रश्न घातले: उचल किती, कधी, कोणाच्या नावावर, कशाला गेली, किती फिटली, किती राहिली, राहिलेलीचं पुढे काय ठरलं.

तिसरी मोडली ती पाच पायऱ्यांची सहमती-मापनश्रेणी. १९३२ मध्ये लिकर्टनं मांडलेली ही पद्धत पुस्तकात फार सोपी वाटते. 'मुलींना शिकवल्यानं घराचा फायदा होतो': पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत. एका आजींना मी पाचही पर्याय वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुला कंचं पायजे? ते लिव." मग मी उलट विधान वाचलं, त्यालाही त्या 'व्हय' म्हणाल्या. शिकलेल्या, शहरातून आलेल्या मुलीला नाही म्हणायचं नाही, ही त्यांची रीत होती. ती श्रेणी मी पूर्ण काढली. त्याऐवजी साधा प्रश्न घातला: थोरल्या मुलीची शाळा कितवीत सुटली, त्या वर्षी घरात काय चाललं होतं?

वयाचंही असंच. आधार कार्डावर जन्मतारीख असते, पण पुष्कळ जणांची १ जानेवारी किंवा १ जून. मग आम्ही घटनांची दिनदर्शिका केली. १९७२ चा दुष्काळ, १९९३ चा किल्लारीचा भूकंप. "भूकंपाच्या वक्ताला मी कडंवर व्हते, आईनं मला उचलून वसरीत आणलं म्हणत्यात," असं एकीनं सांगितलं आणि तिचं वय मला कार्डापेक्षा नेमकं कळलं.

एवढी दुरुस्ती करून मी डिसेंबरात गेले, आणि पुढ्यात कुलपं.

त्या रात्री मॅडमना फोन केला. मला वाटत होतं की उपाय सोपा आहे: बंद घराच्या शेजारी जे उघडं असेल ते घ्यायचं. साठ भरले की झालं. त्या म्हणाल्या, "तुझा विषय काय आहे?" मी सांगितला, मागे राहणारी माणसं. "मग कुलूप कोणत्या घराला असतं?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि गप्प झाले. ज्या घरात मूल सांभाळायला म्हातारं माणूस आहे, ते घर उघडं. ज्या घरात मागे ठेवायला कोणी नाही, ते घर बंद, आणि त्या घरातली पोरं आई-बापाबरोबर उसाच्या फडात. मी बंद घराऐवजी शेजारचं उघडं घर घेत गेले असते, तर माझ्या तक्त्यात सगळीच मुलं गावात राहिलेली, आजी-आजोबांच्या हाताखाली शाळेत जाणारी दिसली असती. बांधावर बसलेली ती मुलगी माझ्याच अभ्यासातून गळली असती, आणि मला कळलंही नसतं. 'प्रतिसाद न मिळाल्याने येणारा पूर्वग्रह' ही व्याख्या मी परीक्षेत चार गुणांसाठी लिहिली होती. ती त्या रात्री मला कळली.

"कुलूपही उत्तरच आहे," मॅडम म्हणाल्या. "ते लिहून घे."

दुसऱ्या दिवसापासून मी बंद घरांसाठी वेगळं पान केलं. कुलूप जुनं की नवं, दारात काय आहे, तुळशीला कोणी पाणी घालतं का, कोंबड्या कोणी नेल्या. आणि शेजाऱ्यांना एक प्रश्न: या घराची किल्ली कोणाकडे असते? हा प्रश्न कुठल्याच पुस्तकात नव्हता, तो तिथेच सुचला. त्यानं जेवढं सांगितलं तेवढं माझ्या चाळीस प्रश्नांनी मिळून सांगितलं नाही. किल्ली कधी भावकीत, कधी वेगळ्या राहणाऱ्या आईकडे, कधी भावकीशी वाकडं म्हणून दुसऱ्या जातीच्या शेजारणीकडे. एका घराची किल्ली किराणा दुकानदाराकडे होती, कारण त्याची उधारी बाकी होती. एका घराची किल्ली शाळेतल्या हंगामी वसतिगृहात राहिलेल्या सातवीतल्या मुलाच्या करदोट्याला बांधलेली होती. तो रोज शाळा सुटली की कुलूप उघडून आत जाऊन यायचा. आत जाऊन काय करतोस, विचारलं. "झाडतो," म्हणाला.

साठांपैकी चौतीस घरं बंद निघाली.

या आठवड्यात माझी एक मोठी चूकही झाली. मुलाखतींच्या नोंदी त्याच रात्री सविस्तर लिहायच्या, हा नियम. दोन दिवस वीज संध्याकाळीच जात होती, थंडी कडाक्याची, मी थकून झोपले. तिसऱ्या दिवशी लिहायला बसले तर दोन आज्जींची बोलणी एकमेकींत मिसळली होती. 'नातवाला रात्री आईची आठवण येते तेव्हा मी त्याला तिचं लुगडं पांघरते' हे कोणी सांगितलं, ते काही केल्या आठवेना. दोघींनीही रेकॉर्डर नको म्हटलं होतं. ते वाक्य मला वापरता आलं नाही. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांच्या म्हैसूरकडच्या गावाच्या, प्रक्रिया करून ठेवलेल्या नोंदी १९७० मध्ये स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत जळाल्या आणि त्यांना पुढचं लेखन आठवणींवर विसंबून करावं लागलं, हे मॅडमनी वर्गात सांगितलं होतं. पण आठवणीवर गाव उभं करायला आधी त्यांच्यासारखं वर्षभर गावात राहावं लागतं. मी तिथे बारा दिवस होते. त्यानंतर एकही रात्र नोंदीशिवाय गेली नाही.

आणखी एक सांगायला हवं. दोन-तीन बायकांनी मला दारातच विचारलं, "पिशवीचं इचारायला आलीस का?" २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या आल्या, मग सरकारी समिती आली, पाहण्या झाल्या, कॅमेरे आले. त्या पाहण्यांची गरज होतीच. पण बाईच्या अंगावरच्या टाक्यांबद्दल पहिल्याच भेटीत विचारणाऱ्या अनोळखी माणसांची एक रांग त्यांच्या दारातून गेली होती, आणि मी त्या रांगेत शेवटची होते. माझ्या अभ्यासाला ती माहिती लागत नव्हती. मी विचारली नाही. ज्यांनी आपणहून सांगितलं त्यांचं ऐकलं आणि लिहिलं नाही. अभ्यासाला न लागणारी माहिती गोळा करणं हाही अन्याय असतो, असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं.

बंद घरांतली माणसं शोधायची तर मतदार यादीचा उपयोग नव्हता. यादी होती मुकादमाच्या डायरीत. कोणता कोयता, म्हणजे तोडणारी कोणती जोडी, कोणत्या टोळीत, टोळी कोणत्या कारखान्याला, सगळं तिच्यात. एका मुकादमानं ती दाखवली, बसून चहाही पाजला. काही टोळ्या कर्नाटकात बेळगावकडे होत्या, काही कोल्हापूर-सांगलीला, आणि दोन टोळ्या कराड तालुक्यात. माझ्या गावापासून मोटारसायकलनं जाण्याइतक्या अंतरावर. त्या संध्याकाळी एसटीत बसल्यावर मी बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. बीडला जाऊन ज्यांना शोधत होते, ती माणसं माझ्या घराच्या मागच्या अंगाला पाचट पेटवून शेकत बसली होती.

जानेवारीत कराडकडच्या त्या टोळ्यांच्या तळावर गेले. उसाच्या पाल्याच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या, मधे बैलांची दावण, एक नळ. पहिले दोन दिवस मुकादमाचा भाऊ प्रत्येक मुलाखतीत शेजारी बसायचा आणि बाईच्या आधी उत्तर द्यायचा. मी त्याला थांबवलं नाही, कारण माझ्यानंतर तिथे राहायचं त्या बायकांना होतं. मी वेळ बदलली. बायका वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकायला बसायच्या त्या रस्त्याच्या कडेला जाऊन बसू लागले. तिथे तो येत नसे.

इथेच एकक कोसळलं. आम्हाला शिकवलं होतं की अभ्यासाचं एकक आधी ठरवा: व्यक्ती की कुटुंब. माझ्या प्रश्नावलीत कुटुंब होतं आणि पहिला प्रश्न, 'कुटुंबप्रमुख कोण?' पण तळावर मोजतात ते कोयते. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्यावर, हिशेब कोयत्यावर. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. तिशीतली एक विधवा होती. तिला आपण सखू म्हणू. तिच्याबरोबर तिचे वडील, साठी ओलांडलेले. मी विचारलं, घरात प्रमुख कोण? ती विचारात पडली. "बापाचं वय झालं, त्याचा कोयता कोन घेईना. माजा अर्धा कुनी घेईना. दोघांचा मिळून एक केला. आता प्रमुख कोन, तूच सांग." तिची मुलगी, अकरा वर्षांची, कोपीत धाकट्याला घेऊन बसली होती. मुलीचं नाव गावच्या शाळेच्या पटावर होतं. गावातल्या त्यांच्या घराला कुलूप होतं आणि ते घर माझ्या यादीत चौतिसावं होतं. मी त्या घरासमोर उभी राहून 'तुळस वाळलेली' असं लिहून आले होते.

त्या रात्री मी घरी, आमच्याच ओट्यावर बसून, रकाने पुन्हा आखले. कुटुंबप्रमुखाचा रकाना काढला. त्या जागी 'कोयता कोणाकोणाचा मिळून' असा घातला. वडील शेजारी येऊन बसले आणि काय लिहितेस म्हणून विचारलं. मी सखूचं सांगितलं, नाव न सांगता. त्यांनी बऱ्याच वेळानं एवढंच विचारलं, "पोरगी दिवसभर कोपीतच असती?"

वेळेच्या नोंदीची गोष्ट मला सगळ्यात आवडते. बायकांचा दिवस किती तासांचा हे मोजायचं होतं. घड्याळ कोणाकडे नव्हतं, फोन नवऱ्याकडे. 'किती वाजता उठता' या प्रश्नाला अर्थ नव्हता. मग त्यांनीच मला त्यांचं घड्याळ शिकवलं. कारखान्याचा भोंगा. पाळी बदलली की वाजणारा. त्याच्या आधी भाकरी झालेल्या असतात, त्याच्या आधी बैलांचं, त्याच्या आधी नळावर नंबर लावणं. चांदणी डोक्यावर असताना उठायचं. पहिलं वाहन भरून गेलं की न्याहारी. मी भोंग्याच्या वेळा कारखान्याच्या फाटकावर जाऊन लिहून आणल्या आणि त्यांचा दिवस त्यावर बसवला.

पुढचं काम शांत आणि लांब होतं. एका तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला मला सहा तास लागायचे, कारण बीडकडची बोली मला बदलायची नव्हती. 'कामून' तिथे 'का' लिहिलं की त्या बाईचा आवाज जातो. उघडी सव्वीस घरं आणि तळावर भेटलेली पंधरा, अशा एकेचाळीस मुलाखती झाल्या. उरलेल्या एकोणीस घरांचं फक्त किल्ली सांभाळणाऱ्यांनी सांगितलेलं होतं, ते वेगळं ठेवलं. दोन गोष्टींचा संबंध निव्वळ योगायोगाचा आहे का ते तपासणारी काय-स्क्वेअर चाचणी लावायची मला फार हौस होती. एसपीएसएस हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर शिकले होते. तक्ता केला तर त्याच्या निम्म्या चौकटींत अपेक्षित वारंवारता पाचाच्या खाली, म्हणजे चाचणी भरवशाची नाही. मॅडम म्हणाल्या, "संख्या एवढी सांगत नाही, तर तिला बळंच बोलायला लावू नकोस." मी साधी कोष्टकं ठेवली, मुलाखतींचं संकेतन हातानं केलं, रंगीत पेन्सिलींनी, वसतिगृहाच्या फरशीवर कागद पसरून. तीन महिने.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न टाकला: साठांचा नमुना, मुलाखती एकेचाळीस, मग हा नमुना प्रातिनिधिक कसा? मी म्हटलं, नाही सर, एकेचाळीस प्रातिनिधिक नाहीत, म्हणूनच बंद घरांचं प्रकरण वेगळं लिहिलं आहे. ते प्रकरण त्यांनी तिथेच उघडून वाचायला घेतलं. पाच-सहा मिनिटं खोलीत कोणी बोललं नाही. मग त्यांनी विचारलं, "किल्लीचा प्रश्न कुठून घेतलात?"

जूनमध्ये, मृगाच्या तोंडावर, मी बांधून घेतलेली एक प्रत घेऊन त्या गावी गेले. आळीतली दारं उघडी होती. सखूच्या घराचं कुलूप कडीला नुसतंच अडकवलेलं होतं. तिनं मला आत बसवलं, मुलीला पाणी आणायला सांगितलं, आणि म्हणाली, वाच.

मी वेळेचं कोष्टक वाचलं. ती मधेच म्हणाली, "थांब. पान्याचं कुटं हाय?" मी सांगितलं, घरकामात धरलंय. "घरकामात कामून? पानी काय घरात व्हतं का?" नळावर रात्री नंबर लावून बसणं, दोन हंडे, परत रांग. मी ते स्वयंपाकाबरोबर एका रकान्यात घातलं होतं. तिचं बरोबर होतं. मी पेन्सिल काढून कोष्टकाच्या बाजूला पाण्याची वेगळी ओळ आखली आणि तिनं सांगितला तसा आकडा लिहिला.

मग तिनं विचारलं, "ह्यात मी कंची?" मी पान उघडून दाखवलं: घर क्रमांक ३४. तिचं नाव बदललं होतं, आणि का बदललं ते मी सांगू लागले. नाव कळलं तर त्रास होऊ नये, मुकादम, उचल, शाळा. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मी काय चोरी केली का, नाव झाकायला?"

मला काही बोलता आलं नाही. पुण्यातल्या प्रतींत, ग्रंथालयातल्या प्रतीत ती घर क्रमांक ३४ आहे आणि तशीच राहील, तो शब्द मी मोडणार नाही. पण ही प्रत तिच्या घरी राहणार होती. तिनं मुलीला हाक मारली, माझ्या हातातलं पेन घेऊन तिच्या हातात दिलं. मुलगी मांडी घालून बसली, पान गुडघ्यावर धरलं आणि ३४ च्या शेजारी, कोऱ्या जागेत, सावकाश, आईचं पूर्ण नाव लिहिलं. नंतर त्याखाली आजोबांचं, आणि मग स्वतःचं.